शेकाचा उतारा

माझा मोठा भाऊ मेंढरं राखतो आणि मी केजला हायस्कुलात विज्ञान शिकवतो. एका आईच्या पोटचे दोघे. पण गावात कुणी विचारलं की यातला शहाणा कोण, तर लोक माझ्याकडं बोट करायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. दादालाही आवडायचं. तो मला लहानपणापासून मास्तर म्हणतो, मी मास्तर व्हायच्या कितीतरी आधीपासून.

आमचं गाव नांदूरघाटच्या अलीकडं, डोंगराच्या अंगाला. आई-वडील गेल्यापासून तिथं दादा आणि वहिनी असतात, आणि दीडशे मेंढरं. दादा शाळेत गेलाच नाही, सहीच्या जागी अंगठा लावतो. त्याची सगळी विद्या गळ्यात होती. तळ्यावर दोन-तीन कळप एकमेकांत मिसळले की बाकीचे मेंढके काठ्या घेऊन पळापळ करायचे. दादा बांधावर उभा राहून एक हाळी द्यायचा, आणि आमची मेंढरं त्या गर्दीतून मुंड्या वर करून निघून यायची. मी एकदा तशीच हाळी देऊन बघितली होती. एक मेंढरू हललं नाही, दादा मात्र पोट धरून हसला.

दोन वर्षांमागच्या हिवाळ्यात त्याचा घसा बसला. थंडीनं बसला म्हणून ज्येष्ठमध चघळला, धुळीनं बसला म्हणून गुळण्या केल्या. वहिनी मला फोनवर सांगायच्या, "भावजी, ह्यांचा आवाज लईच फाटलाय, एकदा बगा की." मी म्हणायचो, बिड्या कमी करायला सांगा. संक्रांतीला गावी गेलो तेव्हा दादानं मला दारातून हाक मारली आणि ती मला ऐकूच आली नाही. तेव्हा कुठं मी त्याला बीडला नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी नळी घालून बघितलं आणि ते एकदम कमी बोलायला लागले. चिठ्ठी लिहून दिली, मोठ्या शहरातल्या दवाखान्याची. तिथं गळ्यातून तुकडा काढला, तपासायला पाठवला. स्वरयंत्रावर गाठ होती, आणि ती कॅन्सरचीच होती.

त्या दवाखान्याचं नाव इथं लिहीत नाही. त्यांची काही चूक नव्हती.

तिथल्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्याएवढ्याच असतील, पण बोलायच्या शांत आणि सरळ. त्यांनी दादाला समोर बसवून, माझ्याकडं न बघता त्यालाच सांगितलं, "दोन वाटा आहेत. एक म्हणजे स्वरयंत्र काढून टाकायचं. गाठ जाईल, आवाजही जाईल, गळ्याला भोक राहील, त्यातून श्वास घ्यायचा. दुसरी वाट शेकाची, म्हणजे रेडिएशनची. पस्तीस वेळा यंत्राखाली झोपायचं. गाठ पूर्ण विरघळली तर आवाज राहील. नाही विरघळली तर मग कापण्यावाचून इलाज नाही."

दादा म्हणाला, "शेक द्या. आवाज न्हाई तर मेंढरं न्हाईत, अन् मेंढरं न्हाईत तर मी काय करू, देवळात बसू का?"

इतकंच पणाला लागलं होतं. गाठ विरघळायला हवी होती.

निघताना मॅडमनी बजावलं, या सात आठवड्यांत घरची औषधं बंद. चूर्ण, काढे, अर्क, कोणी दिलेल्या गोळ्या, काही नको. आणि इथं माझ्यातला मास्तर जागा झाला. मी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी आवळ्यावर तक्ता लावतो. सफरचंदाच्या दोन फोडी ठेवायच्या, एकीला आवळ्याचा रस चोपडायचा, दुसरीला नाही. रसाची फोड पांढरी राहते, दुसरी काळी पडते. ऑक्सिडीकरण आणि त्याला अडवणारी अँटिऑक्सिडंट, पोरांना एका तासात कळतं. तर मी मॅडमना म्हणालो, "पण आवळा, हळद, शेवगा यांच्यात तर अँटिऑक्सिडंट असतात. ते पेशींना वाचवतात ना?"

"वाचवतात," त्या म्हणाल्या, "तेच तर. शेक गाठीत शिरतो तेव्हा पेशींच्या आत प्राणवायूचे मोकाट कण तयार होतात. ते पेशीचं आतलं सूत्र, म्हणजे डीएनए, तोडतात. ते सूत्र पुन्हा जोडता आलं नाही की पेशी मरते. तुमची अँटिऑक्सिडंट ते कण टिपून घेतात, आणि चांगल्या पेशीतले टिपायचे की गाठीतले, हे त्यांना कळत नाही. भाजीतली हळद खा, एखादा आवळा खा. पण मोठ्या मात्रेत नको. नक्की नुकसान होतंच असं छातीठोकपणे मी सांगणार नाही, काही ठिकाणी उलटंही दिसतं. पण शंका आहे तोवर मी घेऊ देणार नाही."

मी मान हलवली. बाहेर आल्यावर मात्र मनात चरफडलो. माझाच धडा मला शिकवला असं वाटलं. आज विचार करतो तेव्हा कळतं की त्यांनी मला सगळं सांगितलं होतं, एक अक्षर लपवलं नव्हतं, आणि मला सगळं समजलंही होतं. न समजलेल्या माणसाची चूक वेगळी. माझी तशी नव्हती.

शेक उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू झाले. दादा-वहिनी केजला माझ्याकडं राहायला आले, मेंढरं चुलत भावाच्या हवाली केली. सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं जायचो. दादाच्या तोंडावर बसेल असा जाळीचा मुखवटा त्यांनी तयार केला होता. तो तोंडावर चढवून टेबलाला घट्ट बसवायचे, म्हणजे मान हलायला नको. पहिल्या दिवशी दादा बाहेर आला तेव्हा गालांवर जाळीचे वळ होते. म्हणाला, "कातरणीला मेंढरू बांधतो तसं बांधत्यात बे. फरक इतकाच, मेंढरू वरडतं."

पहिले पंधरा दिवस बरे गेले. केजच्या घरी माणसं भेटायला यायची. आमच्याकडं आजारी माणसाला रिकाम्या हातानं भेटायची पद्धत नाही, आणि गळ्याच्या आजाराला फळं कशी न्यायची म्हणून जो तो पाला, साल, चूर्ण, बाटली घेऊन यायचा. नाही म्हणावं तर माणूस दुखावतो. मी घ्यायचो, हात जोडायचो आणि तो गेला की सगळं पिशवीत भरून माळ्यावर टाकायचो. बायको म्हणायची, तुम्ही चौकीदार शोभता. मला त्याचाही अभिमान होता.

चौथ्या आठवड्यात आग सुरू झाली.

आधी तोंडाची चव गेली, मग लाळ. मग टाळूला, जिभेच्या मुळाशी, गळ्यात पांढरे फोड आले. मानेची कातडी काळी पडून सुटायला लागली. दादा थुंकीचा घोट घ्यायचा तेव्हा दोन्ही हातांनी खाटेची कड धरायचा. भाकरी तर सोडाच, ताक जाईना. गुळण्यांचं औषध, दुखण्याची गोळी, सगळं दवाखान्यानं दिलं होतं, पण त्यानं तासभर बरं वाटायचं. उन्हाळ्यात ओढा आटावा तसा माणूस आटत गेला. लेंग्याची नाडी रोज थोडी जास्त ओढून बांधायचा.

एका सकाळी एसटीची वेळ झाली तरी तो उठला नाही. भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "मी येत न्हाई."

"कावून?" मी विचारलं.

"जळायलंय. आतून जळायलंय सगळं. गाठ मरंल तवा मरंल, मी आधी मरतो."

त्या दिवशी आम्ही त्याला कसंबसं नेलं. मॅडमनी सांगितलं होतं की मधे खाडे नकोत, खाडे पडले की गाठीला उसंत मिळते. परत आलो तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "भावजी, एक सांगते, राग मानू नगा. आपण मेंढराला डाग देतो, तर उतारा देतो का न्हाई? हितं रोज डाग देत्यात अन् उतारा कुणीच देईना. ही कुठली रीत?"

ही डागाची गोष्ट सांगायला हवी. आमच्यात मेंढराचा सांधा धरला, पोट फुगलं की लोखंडी सळई लाल करून नेमक्या जागी टेकवतात. त्याला डाग देणं म्हणतात. आणि डाग दिला की त्याच दिवशी उतारा पाजायचाच. आवळा, ओली हळद, शेवग्याचा पाला, गुळवेलीचा तुकडा, सगळं वाटून, गाळून, बांबूच्या नळीनं जनावराच्या घशात सोडायचं. डागाची आग आत उतरू नये म्हणून. उतारा न देता डाग देणारा माणूस आमच्यात नादान ठरतो, त्याच्या हाती पुन्हा कुणी जनावर देत नाही. आमच्या वडिलांचा उतारा तर पंचक्रोशीत नावाजलेला होता. दादाला शेक म्हणजे काय हे समजावताना मीच सांगितलं होतं, डागच समज, फक्त सळई दिसत नाही. मीच सांगितलं होतं.

वहिनी बोलल्या आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. आवळा, हळद, शेवगा, गुळवेल. माझ्या प्रदर्शनाचा तक्ताच की तो. आमचे अडाणी बाप-आजे पिढ्यान् पिढ्या अँटिऑक्सिडंट पाजत होते, नाव ठाऊक नव्हतं इतकंच. मला भरून आलं. खरंच सांगतो, त्या क्षणी मला मॅडम आठवल्या नाहीत, आमचे वडील आठवले.

मॅडम नंतर आठवल्या. मग मी फोन घेऊन बसलो. एका ठिकाणी वाचलं की वनस्पतींतली ही द्रव्यं निरोगी पेशींना शेकापासून वाचवतात आणि रोगट पेशींना उलट दुबळं करतात. दुसऱ्या ठिकाणी मॅडम म्हणाल्या तसंच होतं. तिसऱ्या ठिकाणी लिहिलं होतं की जे प्रयोग झाले ते काचेच्या बशीतल्या पेशींवर, माणसात काय होईल ते सांगता येत नाही. मी पहिलं वाचून थांबलो. म्हणजे तिन्ही वाचली, पण थांबलो पहिल्यापाशी.

बायको दारात उभी होती. म्हणाली, "अहो, निदान त्या मॅडमना फोन करून विचारा."

"त्या नाहीच म्हणणार. त्यांना काय, त्यांना नियम पाळायचे असतात. दादानं शेक सोडला तर?" मी खेकसलो. आणि माझ्या बोलण्यात खोट नव्हती, हेच वाईट. दादा खरोखरच शेक सोडायला निघाला होता, आणि सोडला असता तर आवाज गेलाच होता.

आता ऐका मी काय केलं. वडिलांचं माप एका मेंढराला एक मूठ पाला होतं. मी विज्ञानाचा मास्तर. मला मुठीचं माप गावठी वाटलं. मी आवळे किसून सावलीत वाळवले, शेवग्याचा पाला वाळवून वस्त्रगाळ केला, ओली हळद किसून तुपात भिजवली कारण ती पाण्यात उतरत नाही हे मला ठाऊक होतं, वर मिरपूड घातली कारण त्यानं ती अंगात जास्त शिरते हेही ठाऊक होतं. गुळवेल उकळून आटवली. चार पातेल्यांची एक वाटी केली. घट्ट, हिरवंकाळं, उग्र वासाचं. शेकाहून आल्या आल्या, दुपारी, दादाला ते मी स्वतःच्या हातानं पाजायचो. मिरपुडीनं तोंड जळायचं म्हणून वर चमचाभर लोणी. दादा डोळे मिटून गिळायचा आणि म्हणायचा, "बापाच्या उताऱ्याला ही चव न्हवती, मास्तर. तू लईच भारी बनवलास."

आठवड्याभरात फोड बसले. दहाव्या दिवशी दादानं ताकात भाकरी कुस्करून खाल्ली. मानेची कातडी नवी यायला लागली. वहिनींनी देवाला नारळ फोडला आणि माझ्या पाया पडायला वाकल्या, मी मागं सरलो. शेजारीपाजारी म्हणाले, मास्तरांनी भावाला वाचवलं. मी नको नको म्हणत ऐकत उभा राहिलो.

मग एका तपासणीला मॅडमनी दादाचं तोंड बॅटरी लावून बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "एवढ्या शेकांनंतर इतकं स्वच्छ तोंड मी कमी बघितलंय. काही घेताय का?"

"मिठाच्या गुळण्या," मी म्हणालो. "आणि मध."

त्यांनी कागदावर लिहून पुढच्या पेशंटला बोलावलं.

परत येताना एसटीत दादा खिडकीला टेकून घोरत होता, कितीतरी दिवसांनी. मी मात्र केज येईपर्यंत मॅडमचा प्रश्न मनात घोळवत राहिलो. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती. तिनं सहज विचारलं, "तोंड वाचलं म्हणजे शेक तोंडाला लागेना झाला. मग गाठीला लागतोय का?"

त्या सफरचंदाच्या दोन फोडींच्या प्रयोगात मी पोरांना कधी विचारलं नव्हतं की रस चोपडलेल्या फोडीत अळी असेल तर तिचं काय होईल.

उतारा तेव्हा बंद करता आला असता. शेक अजून नऊ उरले होते. पण बंद केला तर दादा विचारणार, कावून? मग सांगावं लागणार की मॅडमनी पहिल्याच दिवशी नको म्हटलं होतं, त्याचं कारणही सांगितलं होतं, आणि तरीही मी दिला. दादाला ते खोलीतलं बोलणं अर्धंमुर्धं कळलं असेल असं मी धरून चाललो होतो. शिवाय फोड परत आले असते. मी दोन दिवस मात्रा कमी केली, तर तिसऱ्या दिवशी दादा म्हणाला, घशात चुरचुरायलंय, आज पातळ केलतास का? मी परत घट्ट केला. रोज दुपारी वाटी त्याच्या ओठाला लावायचो आणि त्याचा कंठ वरखाली होताना बघायचो. बाकीचे नऊच्या नऊ दिवस मी असे काढले.

पावसाळा चांगला गेला, म्हणजे दिसायला. दादाचं वजन वाढलं, आवाज खुलला. श्रावणात मी गावी गेलो तर हा तळ्याच्या बांधावर उभा राहून हाळी देत होता, पूर्वीइतकी खणखणीत नाही, पण मेंढरं येत होती. लोक थांबून बघत होते. वहिनी म्हणाल्या, "बगा भावजी, तुमच्या हाताला यश हाय." मी हसलो, आणि रात्रीचं जेवण न करताच केजला परत आलो. शेक संपल्यावरच्या पहिल्या तपासणीत मॅडमनी सांगितलं होतं की सूज आहे, खाली काय आहे ते आत्ता दिसत नाही, थांबू या. दादानं त्यातलं फक्त "थांबू या" ऐकलं होतं. मी बाकीचं ऐकलं होतं.

दसऱ्याच्या सुमारास आवाज परत बसला.

या वेळी कुणी ज्येष्ठमधाचं नाव काढलं नाही. मॅडमनी नळी घातली, पडद्यावर बघितलं, पडदा आमच्याकडं वळवला. गाठ तिथंच होती. थोडी मोठी झाली होती. मॅडम म्हणाल्या, आता उशीर नको, पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया करू. दादानं विचारलं, "आवाज?" त्या म्हणाल्या, "नाही राहणार." त्यांनी ते त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "एक विचारते. रागावण्यासाठी नाही विचारत. शेक चालू होते तेव्हा बाहेरचं काही घेतलं होतं का? काही गाठी मुळातच शेकाला दाद देत नाहीत, त्यात कुणाचाच दोष नसतो. पण घेतलं असेल तर मला नोंदवायला हवं. पुढच्या माणसांना सांगायला उपयोग होतो."

वहिनी माझ्याकडं बघायला लागल्या. मी टेबलावरच्या पेनाकडं बघत होतो. मला बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं.

तेवढ्यात दादा बोलला. फाटक्या, घोगऱ्या आवाजात, मधे दोनदा थांबून. "न्हाई मॅडम. कायबी घेतलं न्हाई. ह्यो माझा भाऊ मास्तर हाय, विज्ञानाचा. लई कडक. त्यानं कुणाचं पान सुद्धा तोंडाला लावू दिलं न्हाई."

मॅडमनी मान हलवली आणि तसं लिहून घेतलं.

बाहेर बाकावर बसल्यावर मी दादाला विचारलं, "कावून खोटं बोललास?"

"मला त्या पहिल्या दिवशीच समजलतं, बाई काय म्हणली ते. मी बी खोलीत हुतो की," दादा म्हणाला. "मला वाटलं, तुला जास्त कळतं. आता खरं बोलून गळा परत येणार हाय का? तुला वर्गात उभं ऱ्हावं लागतं, मास्तर."

मला त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. पण आजूबाजूला माणसं होती, मी नुसता बसून राहिलो.

शस्त्रक्रियेच्या सकाळी तो वहिनींशी बोलत होता. कुठल्या मेंढीचे दिवस भरलेत, कुठलीचा खूर बघायचा, लंगडीला उतारावर नेऊ नको. तेच सगळं सांगत सांगत आत गेला. माझ्याशी वेगळं काही बोलला नाही.

त्याला आता दीड वर्ष होत आलं. गाठ गेली, तो जिवंत आहे, मॅडम म्हणतात धोका बराच टळला. गळ्याच्या भोकावर मऊ मफलर बांधतो. निम्मी मेंढरं विकून टाकली. बोलायचं असलं की हातवारे करतो, आणि लिहिता येत नाही म्हणून हातवाऱ्यांवरच भागतं. मला अजून शाळेत लोक भेटतात, भाऊ कसा आहे विचारतात. आवळ्याचा तक्ता मी पुन्हा लावला नाही. मॅडमकडं जाऊन खरं सांगावं असं दर तपासणीला ठरवतो. त्या दिवशी त्यांनी लिहून घेतलेला कागद तसाच आहे.

गेल्या महिन्यात आम्ही तपासणीला गेलो होतो. बाकावर शेजारी धारूरकडचं जोडपं बसलं होतं. नवरा शेकाला आलेला, गालांवर जाळीचे वळ, तोंडाला टॉवेल. मी दादाशी बोलत होतो ती बोली बाईनं ऐकली आणि सरकून जवळ आली. मास्तर आहे म्हटल्यावर तर तिला धीरच आला. पिशवीतून बाटली काढली. आत हिरवंकाळं, घट्ट पाणी. "आमच्यातल्या एकानं करून दिलंय. आवळा हाय, हळद हाय, आनखी कायकाय. ह्यांचं तोंड लई आलंय. द्यावं का, गुरुजी?"

दादानं तिच्या हातातून बाटली घेतली, झाकण काढून वास घेतला, आणि माझ्याकडं बघितलं. मग मी बोललो. पहिल्यांदाच, एका अनोळखी बाईला. म्हणालो, "देऊ नका. मी माझ्या भावाला असंच दिलं होतं. त्याचं तोंड बरं झालं, पण गाठ तशीच राहिली. शेवटी गळा कापावा लागला."

"त्याच्यामुळंच ऱ्हायली का गाठ?"

"ते कुणालाच सांगता येत नाही," मी म्हणालो. खरं तेच होतं. "पण आत मॅडमना विचारल्याशिवाय देऊ नका."

ती विचारात पडली. नवऱ्यानं थुंकी गिळली आणि बाकाची कड घट्ट धरली. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"पर तोंड बरं झालतं म्हणा," ती म्हणाली.

दादानं मफलर खाली ओढला आणि तिला गळा दाखवला. तिनं पटकन नजर वळवली, त्याच्या हातातून बाटली काढून घेतली, आणि झाकणात थोडं ओतून नवऱ्याच्या तोंडाशी धरलं.